‘क्रिसिस’ : एका ग्रीक वैद्यकीय शब्दाचा अर्थ आणि अंक

परभाषेतून आलेला शब्द आपल्या वापरात रुळला म्हणजे त्याच्या कुळाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ‘क्रायसिस’ हा असाच एक शब्द आहे. वर्तमानपत्रांत तो राज्यकारभाराच्या, अर्थव्यवहाराच्या, एवढेच काय, पाणीटंचाईच्याही संदर्भात येतो. मराठीत त्याचे भाषांतर कधी ‘संकट’, कधी ‘पेचप्रसंग’, कधी ‘आणीबाणी’, तर कधी ‘अरिष्ट’ असे केले जाते. हे चारही प्रतिशब्द त्या त्या जागी चालून जातात. परंतु हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून प्रथम नावारूपास आला तो तापाने फणफणलेल्या रोग्याच्या उशाशी. तेथे त्याचा अर्थ संकट असा नव्हता, आणि दिवसांची एक विशिष्ट मोजणी त्याच्याशी निगडित होती. त्या अर्थाचा व त्या मोजणीचा मागोवा घ्यावा, आणि आपल्या वैद्यकाशी व मराठी बोलीशी त्यांचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही ते पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा विचार गोमंतकाच्या भूमीवरून करावा असे आम्हांस वाटते, यास कारण आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. ज्वराचे निदान संस्कृत संहितांच्या आधारे शिकावयाचे, रोग्याची हकिकत मराठी-कोंकणीतून ऐकावयाची, आणि रक्ताच्या तपासणीचे उत्तर आधुनिक वैद्यकाच्या परिभाषेत वाचावयाचे, अशा तीन भाषांच्या तिठ्यावर तेथील विद्यार्थी उभा आहे. ‘क्रिसिस’ हा शब्दही अशाच तिठ्यावरचा आहे. तेव्हा त्याची नीट ओळख करून घेणे हे केवळ कोशकारांचे काम नव्हे. ते शिक्षकांचेही काम आहे.

प्रथम अर्थ पाहू. ग्रीक भाषेत ‘क्रिनेइन’ असे क्रियापद आहे. वेगळे करणे, निवडून काढणे हा त्याचा पायाभूत अर्थ. त्यावरून पुढे पारखणे, ठरविणे, न्याय देणे हे अर्थ निघाले. न्याय देणारा तो ‘क्रितेस’, ज्या कसोटीने न्याय द्यावयाचा ती ‘क्रितेरिओन’, आणि प्रत्यक्ष न्यायदानाची क्रिया वा तिचे फळ म्हणजे ‘क्रिसिस’. साहित्यसमीक्षकाला इंग्रजीत जे नाव आहे तेही याच कुळातले. मराठी वाचकास ही अर्थपरंपरा परकी वाटू नये. आपली गृहिणी सुपात तांदूळ घेऊन बसते तेव्हा ती तांदूळ ‘निवडते’. खडे एकीकडे, दाणे एकीकडे. गावची मंडळी तंट्याचा विचार करून जे सांगतात तो ‘निवाडा’. सुपातल्या कामापासून न्यायसभेतल्या कामापर्यंत ग्रीक शब्दाने जो प्रवास केला, तोच मराठी शब्दाने स्वतंत्रपणे केला आहे. या दोन शब्दांत ध्वनींचे नाते आहे असे आम्ही म्हणत नाही. नाते आहे ते अर्थाचे. म्हणूनच ‘क्रिसिस’ या शब्दाला मराठीत एकच जवळचा शब्द द्यावयाचा झाल्यास आम्ही ‘निवाडा’ हाच देऊ.

न्यायसभेतला हा शब्द ग्रीक वैद्यांनी रोगाकडे नेला. इसवी सनापूर्वी ४६० च्या सुमारास कोस बेटावर जन्मलेल्या हिपॉक्रेटिसच्या नावावर जो ग्रंथसमूह आहे, त्यात तापाचे वर्णन जणू दोन पक्षांच्या झगड्यासारखे येते. शरीरातील द्रव बिघडले म्हणजे ताप येतो. शरीराची स्वाभाविक उष्णता त्या बिघडलेल्या द्रवांना शिजवू लागते. ते पुरते शिजले की घाम, लघवी, मलविसर्जन किंवा रक्तस्राव यांच्या वाटे बाहेर पडतात आणि निवाडा लागतो. हा निवाडा रोग्याच्या बाजूने लागेल किंवा विरुद्ध लागेल. कधी तो अपुरा लागतो आणि मग रोग उलटतो. म्हणजे मूळ ‘क्रिसिस’ हा शब्द स्वभावतः शुभ नाही आणि अशुभही नाही. ज्या घटकेला रोगाचे पारडे एका बाजूस झुकते, ती घटका म्हणजे क्रिसिस.

या शिजण्याच्या कल्पनेपाशी संस्कृतज्ञ वाचकाने क्षणभर थांबावे. शिजण्याला ग्रीक वैद्य ‘पेप्सिस’ म्हणत आणि न शिजलेल्याला ‘ओमोस’. आपल्या ‘पच्’ धातूपासून झालेला ‘पक्ति’ हा शब्द ‘पेप्सिस’चा सख्खा भाऊबंद आहे, आणि कच्चा या अर्थी आपण जो ‘आम’ शब्द वापरतो तो ‘ओमोस’चा. तुलनात्मक भाषाशास्त्राने ही दोन्ही नाती पक्की ठरविली आहेत. आयुर्वेदातही ज्वराची आमावस्था आणि निरामावस्था असा भेद आहे, आणि कच्च्या दोषाला हात घालू नये, त्याचा पाक होऊ द्यावा, असा उपदेश आहे. हिपॉक्रेटिसच्या सूत्रांतही शिजलेल्या द्रव्यावर उपाय करावा, कच्च्यावर करू नये, असेच सांगितले आहे. हा उपदेश एकाने दुसऱ्यापासून घेतला की दोघांनी स्वयंपाकघराच्या अनुभवावरून स्वतंत्रपणे बांधला, हा वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. एवढे मात्र खरे, की ‘आम’ आणि ‘पाक’ हे शब्द दोन्ही शास्त्रांना एकाच पूर्वज भाषेने दिले. ‘क्रिसिस’चा भाऊबंद शब्द मात्र आपल्या वैद्यकात आढळत नाही. तेथे ज्वर सुटण्याला ‘ज्वरमोक्ष’ म्हणतात. पुढील काळच्या युरोपीय वैद्यकात ताप एकाएकी उतरला तर ‘क्रिसिस’ आणि हळूहळू उतरला तर ‘लिसिस’, असा भेद रूढ झाला. ‘लिसिस’ म्हणजे सुटणे, मोकळे होणे. तेव्हा आपला ‘मोक्ष’ अर्थाने त्याच्याच शेजारी बसतो.

आता अंकाकडे वळू. निवाडा लागावयाचा तर तो कोणत्या दिवशी? रोग्याच्या घरी वैद्य येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘आज कितवा दिवस?’ (‘कितवा’ हा एकच शब्द जे काम करतो त्यासाठी इंग्रजीत द्राविडी प्राणायाम करावा लागतो, हे आमच्या शिक्षकबंधूंना ठाऊकच आहे.) ग्रीक वैद्यांनी या ‘कितवा’चे शास्त्र बनविले. रोगाच्या भवितव्याविषयीच्या हिपॉक्रेटिक ग्रंथात चार-चार दिवसांचे टप्पे सांगितले आहेत. सर्वांत सौम्य ताप चौथ्या दिवशी किंवा त्यापूर्वी सुटतात. सर्वांत भयंकर तापही त्याच मुदतीत रोग्याला नेतात. दुसरा टप्पा ७ व्या दिवशी संपतो, तिसरा ११ व्या, चौथा १४ व्या, पाचवा १७ व्या आणि सहावा २० व्या दिवशी. चौथा दिवस सातव्याची चाहूल देतो आणि अकरावा चौदाव्याची, म्हणून त्या दिवशी वैद्याने अधिक लक्ष ठेवावे, असेही सूत्र आहे.

हे अंक प्रथमदर्शनी विचित्र दिसतात. चार-चारांचे टप्पे म्हणावयाचे, आणि ४ नंतर ८ न येता ७ कसे येतात? याचे कारण मोजण्याच्या रीतीत आहे. प्राचीन ग्रीक मनुष्य पहिला आणि शेवटचा हे दोन्ही दिवस धरून मोजी. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत चार दिवस. चौथ्यापासून सातव्यापर्यंत पुन्हा चार, कारण चौथा दोनदा धरला. आपल्यास ही रीत नवी वाटण्याचे कारण नाही. सात दिवसांच्या काळाला आपण ‘आठवडा’ म्हणतो तो याच न्यायाने. पेडण्याचा शेतकरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारी गेला आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेला, तर दोन्ही शुक्रवार धरून दिवस आठ होतात. पोर्तुगीज भाषेतही आठवड्याभराने येतो हे सांगताना ‘आठ दिवसांनी’ असेच म्हणतात.

मोजण्याच्या रीतीने अंक कसा बदलतो याचे याहून चांगले उदाहरण पाळीच्या तापात मिळते. दिवसाआड येणाऱ्या तापाला ग्रीक वैद्य ‘त्रितायोस’ म्हणजे तिसऱ्या दिवसाचा म्हणत, आणि दोन दिवस सोडून येणाऱ्याला ‘तेतार्तायोस’ म्हणजे चौथ्या दिवसाचा. आयुर्वेदात हेच ताप ‘तृतीयक’ आणि ‘चतुर्थक’ या नावांनी येतात. तृतीयकाचे नाव तर अथर्ववेदाइतके जुने आहे. दोन्हीकडे दोन्ही टोकांचे दिवस धरलेले आहेत. मराठीने मात्र पहिल्या तापाला ‘एकांतरा’ म्हटले, म्हणजे मधला मोकळा दिवस तेवढा मोजला. आणि आजचा वैद्य म्हणतो की हा ताप ४८ तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी येतो. ताप तोच, संस्कृतात त्याचा अंक ३, मराठीत १ आणि घड्याळात २. अंकात गूढ सामर्थ्य असते असे मानणाऱ्याने या एका उदाहरणाचा विचार करावा. अंक हा वस्तूत नसतो. तो वस्तू आणि मोजणारा यांच्यामधील कराराचा भाग असतो.

तथापि या अंकाच्या मागे खरी वस्तू होती, हेही तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे. १८८० साली अल्जीरियात लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टराने हिवतापाचा परजीवी रोग्याच्या रक्तात पाहिला. पुढे १८८५-८६ च्या सुमारास इटलीत गोल्जीने दाखवून दिले की हे परजीवी रक्तपेशींत वाढून एकदम फुटतात आणि त्याच वेळी थंडी वाजून ताप भरतो. एका जातीचे हे चक्र ४८ तासांचे, दुसरीचे ७२ तासांचे. १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या शरीरात परजीवी पाहिला आणि साखळीचा हरवलेला दुवा हाती आला. म्हणजे तृतीयक आणि चतुर्थक ही नावे ज्यांनी ठेवली त्यांना कारण ठाऊक नसले, तरी त्यांची मोजणी अचूक होती. दोन हजारांहून अधिक वर्षे ते अंक आपल्या कारणाची वाट पाहत होते.

हिपॉक्रेटिसच्या ग्रंथसमूहाचे मोठेपण याच प्रामाणिक मोजणीत आहे. साथींविषयीच्या पहिल्या व तिसऱ्या भागात मिळून ४२ रोग्यांच्या हकिकती दिलेल्या आहेत. कोणत्या दिवशी थंडी वाजली, कोणत्या दिवशी घाम सुटला, कोणत्या दिवशी भ्रम झाला, हे दिवसागणिक नोंदले आहे. त्या ४२ पैकी २५ रोगी दगावले, आणि ते लपविलेले नाही. शिवाय हे टप्पे पूर्ण दिवसांत नेमके मोजता येत नाहीत, कारण वर्ष आणि महिनाही पूर्ण दिवसांत बसत नाहीत, अशी सावधगिरीची सूचना तेथेच दिली आहे. ज्याला अंकांची पूजा करावयाची आहे तो अशी सूचना देत नाही.

परंतु मोजणीच्या शेजारी पूजा लवकरच येऊन बसली. पायथागोरसाच्या संप्रदायाने अंकांना दिलेले महत्त्व ग्रीक विद्वानांच्या हाडीमासी खिळले होते. सात या अंकाभोवती सारे विश्व गुंफणारा एक स्वतंत्र ग्रंथही हिपॉक्रेटिसच्या नावावर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने निवाड्याच्या दिवसांवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यांचे कारण चंद्रात शोधले. त्यात एक अडचण होती. सात, चौदा यांच्यानंतर एकवीस यावयास हवे. परंपरा तर विसावा दिवस सांगत होती. ही गाठ सोडविण्यासाठी गेलेनने २६ दिवस २२ तासांचा एक ‘वैद्यकीय मास’ कल्पिला. त्याचा चतुर्थांश ६ दिवस साडेसतरा तास येतो आणि असे तीन चतुर्थांश २० दिवस साडेचार तासांत संपतात. म्हणून विसावा दिवस खरा! गणित निर्दोष आहे. परंतु उत्तर आधी हाती धरून मग त्याला साजेसा महिना घडविला आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. याच्या सुमारे शंभर-सव्वाशे वर्षे आधी रोमन लेखक सेल्सस याने या साऱ्या पद्धतीवर बोट ठेवले होते. पायथागोरसाच्या अंकांनी प्राचीनांना भुलविले. वैद्याने दिवस मोजत न बसता तापाच्या चढउताराकडे पाहावे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. दुर्दैवाने पुढील चौदा-पंधरा शतके युरोपात अधिकार गाजविला तो गेलेनने.

अंकपूजेची आणखी एक रीत ग्रीकांत होती, तिचाही उल्लेख केला पाहिजे. ग्रीक अक्षरे अंकांसाठीही वापरीत. त्यामुळे कोणत्याही शब्दाची बेरीज करता येई आणि समान बेरजेच्या शब्दांत गुप्त संबंध शोधला जाई. आपल्याकडील कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक असतात, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र कटपयादीचा उपयोग मुख्यतः ज्योतिषातील व गणितातील संख्या लक्षात ठेवण्यासाठी झाला. ‘क्रिसिस’ या शब्दाची ग्रीक अक्षरे घेतली तर कप्पाचे २०, ऱ्होचे १००, इओटाचे १०, सिग्माचे २००, पुन्हा इओटाचे १० आणि सिग्माचे २००, मिळून ५४० होतात. आता ५४० म्हणजे २० गुणिले २७. वीस हा निवाड्याचा दिवस, सत्तावीस ही चंद्राची नक्षत्रे! एखाद्या उत्साही मनुष्यास येथे साक्षात्कार व्हावा. पण त्याच कुळातील ‘क्रितेस’ या शब्दाची बेरीज ६३८ येते. ती २२ गुणिले २९ असल्याने तेथेही चांद्रमासाचे २९ दिवस शोधून काढता येतील. ज्या किल्लीने प्रत्येक कुलूप उघडते, ती कुलपाविषयी काहीच सांगत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात व त्याच्या इतिहासात शोधावा. बेरजेत शोधू नये. ‘क्रिसिस’शी अंकांचा जो खरा संबंध आहे तो अक्षरांच्या बेरजेचा नसून रोग्याच्या उशाशी मोजलेल्या दिवसांचा आहे.

हा शब्द आपल्या देशात दोन वाटांनी आला. एक वाट अरबी वैद्यकाची. बगदादच्या भाषांतरकारांनी गेलेनचे ग्रंथ अरबीत नेले तेव्हा ‘क्रिसिस’साठी ‘बुहरान’ हा शब्द योजिला. इब्न सीनाच्या ‘कानून’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याची सविस्तर चर्चा आहे, आणि युनानी हकिमांच्या परिभाषेत निवाड्याच्या दिवसांना ‘अय्याम-ए-बुहरान’ म्हणतात. आजच्या उर्दू वृत्तपत्रांत ‘बुहरान’ म्हणजे राजकीय वा आर्थिक संकट. शब्द बदलला, तरी अर्थाची घसरण तीच झाली!

दुसरी वाट पोर्तुगीजांची, आणि ती गोव्यातून जाते. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. पेडणे महाल त्या वेळी पोर्तुगिजांकडे नव्हता. तो त्यांच्याकडे गेला १७८८ साली. ऑर्ताने गोव्यातच १५६३ साली छापून प्रसिद्ध केलेला भारतीय औषधींवरील संवादग्रंथ हा गेलेन आणि इब्न सीना यांच्या परंपरेत वाढलेल्या, पण स्वतःच्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवणाऱ्या मनुष्याचा ग्रंथ आहे. त्यात कोष्ठ या औषधीवरील संवादात पटकीचे वर्णन येते. या रोगाला येथील लोक काय म्हणतात हे तो सांगतो. तो शब्द आपला ‘मोडशी’ होय. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी तर त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ लावून घेतला. ऑर्ता पुढे लिहितो की या रोगाने दहा तासांत गेलेला मनुष्य आपण पाहिला आहे आणि जे अधिक टिकतात ते चार दिवस. येथे चंद्र नाही, सप्तक नाही. समोर जे घडले त्याचे तास आणि दिवस आहेत. हिपॉक्रेटिसचा खरा वारसा आम्हांस या नोंदीत दिसतो.

आपल्या वैद्यकातही मोजणी होतीच. चरकसंहितेत संतत ज्वराची मुदत सात, दहा किंवा बारा दिवसांची सांगितली आहे, आणि आठवा दिवस हे ज्वर निराम झाल्याचे एक लक्षण मानले आहे. माधवनिदानाच्या परंपरेत त्रिदोषज ज्वराची जी मर्यादा सांगतात ती सुटकेची तशीच मृत्यूचीही असते. दोषांचा पाक झाला तर रोगी वाचतो, धातूंचाच पाक होऊ लागला तर जातो. हा विचार ग्रीक निवाड्याच्या अगदी जवळचा आहे. मराठी बोलीने हे सारे दोन शब्दांत साठविले : ‘मुदतीचा ताप’. ‘मुदत’ हा अरबीतून आलेला, कचेरीत आणि सावकारीत वावरणारा शब्द. कर्जाला मुदत असते तशी या तापालाही. ती भरल्याखेरीज तो हलत नाही. ग्रीकांनी न्यायसभेतून शब्द घेतला, मराठीने दप्तरातून घेतला.

मात्र येथे परिभाषेचा एक गोंधळ झालेला आहे. ज्याला इंग्रजीत टायफॉइड म्हणतात त्या मुदतीच्या तापाला मराठी पुस्तकांत ‘विषमज्वर’ असेही नाव पडले. आयुर्वेदात ‘विषमज्वर’ म्हणजे अनियमित किंवा पाळीने येणारा ताप; तृतीयक आणि चतुर्थक हे त्याचेच प्रकार. म्हणजे धारगळच्या विद्यार्थ्याने संहितेत ‘विषमज्वर’ वाचला तर बहुधा हिवतापासारखे काही समजावे, आणि मराठी आरोग्यपुस्तिकेत वाचला तर टायफॉइड समजावा! टायफॉइडसाठी ‘आंत्रज्वर’ हा शब्द मराठीत उपलब्ध आहे. शिक्षकांनी तोच रूढ करावा अशी आमची विनंती आहे.

‘क्रायसिस’च्या प्रतिशब्दांविषयीही असेच म्हणता येईल. अर्थशास्त्रावरील मराठी लेखनात ‘अरिष्ट’ हा शब्द पुष्कळदा आला. आयुर्वेदात ‘अरिष्ट’ म्हणजे मृत्यूची निश्चित सूचना देणारे लक्षण. चरकाचे इंद्रियस्थान याच विषयास वाहिलेले आहे. जेथे अरिष्ट दिसले तेथे निकाल लागून चुकला. ‘क्रिसिस’मध्ये निकाल लागत असतो आणि तो कोणत्याही बाजूने लागू शकतो. ‘संकट’ शब्दात भय आहे, निर्णय नाही. ‘आणीबाणी’त निकड आहे, पण १९७५ नंतर त्या शब्दाला दुसराच एक इतिहास चिकटला आहे. सामान्य लेखनात हे शब्द खुशाल चालावेत. परंतु वैद्यकाच्या व विचारांच्या इतिहासाविषयी लिहिताना ‘निवाडा’ किंवा ‘निर्णायक अवस्था’ हे शब्द अधिक प्रामाणिक ठरतील. आणि ‘क्रिटिकल’ या विशेषणासाठी मराठीने एक सुरेख सोय आधीच केलेली आहे. ‘चिकित्सा’ म्हणजे रोगावरील उपचार, तसेच बारकाईने केलेली पारखही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभून १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या आवृत्तीला आपण ‘चिकित्सित आवृत्ती’ म्हणतो. वैद्य आणि समीक्षक ग्रीकांत एका कुळाच्या शब्दांनी जोडले गेले. आपल्याकडे ते ‘चिकित्सक’ या एकाच शब्दात राहतात.

हा सारा शब्दविचार निव्वळ पांडित्यासाठी आहे असे कोणी समजू नये. प्रतिजैविके येण्यापूर्वी एका जातीच्या न्यूमोनियात सातव्या दिवसाच्या आसपास दरदरून घाम सुटून ताप एकाएकी उतरे, आणि घरची मंडळी त्या दिवसाकडे डोळे लावून बसत. तो निवाडा खरा होता. शरीराची प्रतिकारशक्ती त्या सुमारास रोगजंतूंवर मात करी. आंत्रज्वर तीन-चार आठवडे रेंगाळे आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्यातून रक्तस्राव होण्याचे किंवा आतड्यास छिद्र पडण्याचे भय असे. १९४८ पासून त्यावर गुणकारी औषध मिळाले आणि मुदत तोडता येऊ लागली. तेव्हा ‘मुदतीचा ताप आहे, मुदत भरली की जाईल’ असे म्हणून आज कोणी थांबून राहिले, तर जुन्या शब्दाने नव्या रोग्याचा घात होईल.

उलट बाजूचे उदाहरण डेंग्यूचे आहे, आणि ते अधिक बोधप्रद आहे. या तापाच्या आधुनिक वर्णनात तीन अवस्था सांगतात : ज्वरावस्था, निर्णायक अवस्था आणि सुधारणेची अवस्था. त्यातील निर्णायक अवस्था सामान्यतः आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होते आणि एक-दोन दिवस टिकते. पुष्कळसे रोगी तीतून सुखरूप पार पडतात. पण काहींच्या बाबतीत रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागतो आणि ताप नसतानाच जिवावर बेतते. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या होणे, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे, रोगी मलूल किंवा अस्वस्थ होणे ही तेव्हाची धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसताच रुग्णालय गाठले पाहिजे. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे ‘संकट’ हा शब्द आपल्याला सांगतो. ताप उतरला, आता निवाड्याची वेळ आली, असे मूळ ग्रीक शब्द सांगतो. या ठिकाणी जुना अर्थ नव्यापेक्षा अधिक खरा आहे, आणि ‘आज कितवा दिवस?’ हा वैद्याचा जुना प्रश्न पुन्हा पहिल्या क्रमांकाचा झाला आहे.

तात्पर्य असे की, दिवस मोजावेत ते पाहण्यासाठी. मोजून स्वस्थ बसण्यासाठी मोजू नयेत. प्रामाणिक मोजणीतून तृतीयक-चतुर्थकाचे ज्ञान निघाले, तर अंकाच्या भक्तीतून गेलेनचा कल्पित महिना निघाला. हा भेद विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी ‘क्रिसिस’ हा एक शब्द पुरेसा आहे. भाषेच्या शिक्षकाने तो निवडणे-निवाडा या जोडीपासून शिकवावा, इतिहासाच्या शिक्षकाने ऑर्ताच्या गोव्यापासून, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने पाळीच्या तापापासून. तिघांनी मिळून शिकविला, तर पावसाळ्यात एखाद्या घरी ताप आला असता त्या घरातील मूल दिवस नीट मोजील, आणि ताप उतरल्या दिवशी रोग्याकडे पाठ फिरविणार नाही.